चांगल्या गुडघ्याला तीट

मी भूल देते. रीतसर म्हणायचं तर भूलतज्ज्ञ आहे, पण हा शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडात बसत नाही. लोक 'भुलीच्या बाई' म्हणतात. माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं, आणि गेली कितीतरी वर्षं गाडीच्या डिकीत सामानाची पेटी टाकून मी सांगली, तासगाव, कडेगाव अशी हिंडते आहे. सकाळी एका हॉस्पिटलात मोडलेलं हाड, दुपारी दुसऱ्यात अपेंडिक्स, मग तिसऱ्यात सिझेरियन. पेशंट बरा झाला की पेढे सर्जनला, नारळ सर्जनला, पाया पडायचं तेही सर्जनच्या. मला विचारतात, "तुमी सिस्टर का वो?" पेशंट शुद्धीवर यायला जरा उशीर झाला, की मग मात्र माझं नाव, माझा फोन आणि माझ्या घराचा रस्ता सगळ्यांना तोंडपाठ होतो.

ही गोष्ट सांगलीतल्या एका हाडांच्या हॉस्पिटलातली. नाव सांगणार नाही, कारण मला अजून तिथे बोलावतात.

त्या हॉस्पिटलला मोठं प्रमाणपत्र मिळालं होतं. ते रिसेप्शनला गणपतीच्या फोटोशेजारी टांगलेलं होतं, आणि सकाळी दोघांनाही उदबत्ती ओवाळली जायची. प्रमाणपत्राबरोबर एक कागदही आला होता, ऑपरेशनच्या सुरक्षेच्या तपासणीचा. आम्ही त्याला चेकलिस्ट म्हणतो. त्यात तीन रकाने. भूल देण्याआधी थांबायचं, चिरा देण्याआधी थांबायचं, पेशंट बाहेर काढण्याआधी थांबायचं. थांबायचं, मोठ्यानं विचारायचं, उत्तर ऐकायचं आणि मगच टिक करायची. साधी गोष्ट आहे. पण आमच्याकडे साध्या गोष्टीला कुणी किंमत देत नाही. वॉर्डातली सिस्टर सकाळच्या चहाबरोबर दिवसभराच्या सगळ्या पेशंटांचे कागद भरून मोकळी व्हायची. एकदा तर एका रद्द झालेल्या ऑपरेशनचा कागद मला पूर्ण भरलेला सापडला. पेशंट सुखरूप बाहेर काढल्याची टिक त्यावर होती. तो सुखरूप होताच म्हणा, आलाच नव्हता तो.

मी या बाबतीत फार खमकी. निदान मी तसं समजत होते. माझ्या, म्हणजे भुलीच्या, रकान्याला मी कुणाला हात लावू देत नसे. "माझ्या टिका मी करीन, माझ्या पेनानं," असं मी सिस्टरला ठणकावून सांगितलं होतं, आणि ती मागे मला 'टिकावाल्या बाई' म्हणायची, हेही मला ठाऊक होतं. म्हणू दे. लोक माझ्यावर हसले की मला उलट चेव चढतो.

तर त्या वर्षी हॉस्पिटलनं रुग्णसुरक्षा सप्ताह साजरा करायचं ठरवलं. सप्ताह म्हटला की आपल्याकडे काय काय लागतं ते ठरलेलं आहे. पाहुणा लागतो, शपथ लागते, शाल-श्रीफळ लागतं, आणि रांगोळी स्पर्धा तर लागतेच. परीक्षक कोण, तर मी. सिस्टरांनी जिना, पोर्च, अँब्युलन्सची जागा, सगळीकडे रांगोळ्या घातल्या. एकीनं तर चेकलिस्टच काढली होती, तिन्ही रकाने, आणि हिरव्या रंगात सुबक टिका. मी तिलाच पहिला नंबर दिला. त्या दिवशी अँब्युलन्सला रांगोळीमुळे आत शिरता येईना, म्हणून एका फ्रॅक्चरवाल्या म्हाताऱ्याला रस्त्यापासून स्ट्रेचरवर वाहून आणावं लागलं. पण रांगोळी पुसली गेली नाही हो, त्याची सगळ्यांनी काळजी घेतली.

त्याच संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीची पेशंट तपासायला वॉर्डात गेले. कडेगावकडची बाई, चाळिशीची, अंगानं काटक. नवरा फौजेत, लांब कुठंतरी सरहद्दीवर. घरी ही, हिची सासू, थोडा ऊस आणि तीन म्हशी. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांधावरून उतरताना पाय मुरगळला आणि डाव्या गुडघ्यातली गादी फाटली. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं होतं. असल्या दुखण्याची एक गंमत असते. बाहेरून दोन्ही गुडघे सारखेच दिसतात, फाटलंय ते सगळं आत.

मी दमा, साखर, बीपी, आधीची ऑपरेशनं, सगळं विचारलं. ती प्रत्येकाला "न्हाई" म्हणाली. शेवटी तिनंच मला विचारलं.

"मॅडम, उजव्या पायाला काय हुणार न्हाई न्हवं?"

"उजव्याला कशाला काय होईल? ऑपरेशन डाव्याचं आहे."

"न्हाई, डावा तर गेलाच हाय. उजवा तेवढा शाबूत हाय, त्याच्यावर समदं चाललंय बगा. म्हशीखाली बसायचं, पाटाला पाणी धराय जायाचं. ह्यालाबी काय झालं तर मग आमचं घर बसलंच म्हणा."

मी हसून तिच्या खांद्यावर थोपटलं आणि काही होणार नाही म्हणून सांगितलं. असं थोपटायला आम्हाला काही लागत नाही. थोड्या वेळानं आमचे हाडांचे डॉक्टर आले. तेच सर्जन, तेच हॉस्पिटलचे मालक. माणूस वाईट नाही, हाताला यश आहे. फक्त स्वतःवर विश्वास जरा जास्त. त्यांनी काळ्या पेनानं तिच्या डाव्या मांडीवर ठसठशीत बाण काढला आणि निघून गेले.

पुढचं मला नंतर कळलं, पण इथंच सांगून टाकते, म्हणजे घोळ नको. सकाळी सासूबाई उठल्या. सून ऑपरेशनला जाणार, म्हणजे देवकार्याला जाण्याइतकंच. अंघोळ नको का? त्यांनी गरम पाणी मागवलं, वॉर्डाच्या मोरीत सुनेला बसवलं आणि पिशवीतली वजरी काढून तिला घासून काढलं. मांडीवर शाईचा काळा बाण दिसला, तोही घासला. देवाचा अंगारा लावून घ्यायचा आणि अंगावर शाई? छे. सून म्हणत होती, "आत्ती, डॉक्टरांनी काडलंय त्ये," पण आत्तींनी ऐकलं नाही. मग नवीन गाऊन, कपाळाला अंगारा. आणि मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून काजळाची डबी काढली आणि सुनेच्या उजव्या गुडघ्याला चांगली टपोरी तीट लावली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. डाव्याला कुणाची तरी नजर लागली, त्याचं काय व्हायचं ते झालं. आता शाबूत राहिलेल्याला जपायला हवं. हे ऐकल्यावर मी पुष्कळ विचार केला, पण त्या म्हातारीच्या बोलण्यात मला कुठे खोट सापडली नाही.

ऑपरेशन थिएटरात मी तिच्या पाठीत सुई दिली. कमरेखालचा भाग बधिर झाला, पेशंट पूर्ण जागी. बोटाला चिमटा, दंडाला पट्टा, सगळं ठीक. मला पुढे तासगावला दुसरी केस होती, म्हणून जरा घाई होती. मी डोक्याशी स्टुलावर बसून माझा रकाना भरायला घेतला. पायाकडे मी पाहिलं नाही. आमच्यात वाटणी असते, पाठ माझी आणि गुडघा त्यांचा. भावाभावांच्या वाटणीतसुद्धा बांधावरून भांडायला तरी कुणी येतं, आमच्याकडे बांधाकडे कुणी बघतच नाही.

थिएटरातल्या मदतनीस ब्रदरनं चादर बाजूला केली. डाव्या मांडीवर काही नाही, उजव्या गुडघ्यावर काळी खूण. त्यानं उजव्या मांडीला रक्त थांबवायचा पट्टा आवळला आणि उजवा पाय वर उचलून धरला. डॉक्टर हात धुऊन आले.

"खूण आहे ना रे?"

"आहे सर."

झालं. सप्ताहाची शपथ घेऊन चोवीस तास व्हायचे होते. डॉक्टरांनी कापसाचा बोळा बेटाडिनमध्ये बुडवला आणि गुडघ्यावर फिरवायला लागले. मी मान वर केली ती केवळ पेनाचं टोपण खाली पडलं म्हणून. बघते तर तपकिरी बेटाडिनमधून एक काळा ओघळ पोटरीकडे चालला होता, तुपकट, चमकणारा. मी दोन पोरं वाढवली आहेत. पेनाची शाई अशी फिसकटत नाही, काजळ फिसकटतं.

"थांबा!" मी ओरडले. इतक्या जोरात, की ब्रदरच्या हातातून पाय निसटता निसटता राहिला.

"काय झालं?" डॉक्टर वैतागले. "बीपी पडलं का?"

"बीपीला काही झालेलं नाही. हा पाय कुठला?"

"अहो, खूण केलेली आहे. मी स्वतः केली आहे. मी काय पाय विसरेन?"

"तुम्ही बाण काढला होता, मांडीवर. हा ठिपका आहे, गुडघ्यावर. आणि हे काजळ आहे."

मी पेशंटच्या तोंडाजवळ वाकले आणि विचारलं, "ताई, तुमचं ऑपरेशन कुठल्या पायाचं?"

"डाव्या," ती म्हणाली.

"मग हा उजवा वर उचलला तो तुम्हाला दिसत नव्हता?"

"दिसत हुता की."

"मग बोलला का नाही?"

तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे चाललं होतं. आणि अशा वेळीसुद्धा माझ्या मनात काय आलं, तर या आपल्या खेड्यातल्या बायका! उजवा पाय कापत असतील तरी मोठ्या माणसांच्या मधे बोलायच्या नाहीत. मी रुमालानं तिचे डोळे पुसले. पट्टा सोडला, कागद काढले, फिल्म पुन्हा पाहिली, डावा पाय धुतला, आणि ऑपरेशन झालं. छान झालं. मघाशी म्हटलं ना, हाताला यश आहे.

बाहेर आल्यावर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, काही झालं तर नाही ना? मग उगाच नातेवाइकांना कशाला घाबरवायचं?" हे वाक्य मी आजवर इतक्या हॉस्पिटलांत ऐकलं आहे, की त्याचीही आता रांगोळी काढावी. मी म्हटलं, तुम्ही नका येऊ, मी सांगते. आणि सरळ सासूबाईंपुढे जाऊन बसले. काय झालं होतं ते सगळं सांगितलं. "आजी, चूक आमची आहे. आम्ही थांबून विचारायला पाहिजे होतं," असं दोनदा म्हणाले. म्हातारीनं मला शिव्या घालाव्यात, अशी माझी खरंच इच्छा होती. मी त्या तयारीनंच गेले होते.

सासूबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठून माझेच पाय धरायला लागल्या.

"माझ्याच हातनं घात झाला असता वो बाई! म्याच त्यो बाण घासला, म्याच काजळ लावलं. आवं, पोराला काय तोंड दाखवलं असतं म्या? चुकलं आमचं, पदरात घ्या."

"आजी, तुमचं नाही चुकलं. तुम्ही तुमच्या सुनेचा पाय जपत होता. पाय तपासायचं काम आमचं होतं."

"न्हाई वो, तुमी डॉक्टर माणसं, तुमी कशाला चुकशिला!"

आमच्या हातून चांगला पाय जाता जाता राहिला, आणि माफी मागत होती ती म्हातारी. वर मला चहा पाजल्याशिवाय तिनं सोडलं नाही. तासगावची केस तासभर लांबली, आणि त्याचा मला प्रथमच राग आला नाही.

हॉस्पिटलनंही घडल्या प्रकाराची गंभीर दखल घेतली. तिसऱ्या दिवशी वॉर्डात बोर्ड लागला, 'नातेवाइकांनी पेशंटच्या अंगावर कोणत्याही प्रकारची खूण करू नये. आदेशावरून.' म्हणजे गुन्हेगार सापडला, काजळ. बाण गायब झालेला तीन माणसांना दिसला नाही, पट्टा कुणी कुठे आवळला, कागद कुणी कधी भरला, यावर बोर्ड नव्हता. मी डॉक्टरांना म्हटलं, आता काजळाच्या डबीवर एखादी चौकशी समितीही नेमा. त्यांना तो विनोद आवडला नाही.

आणि सप्ताहाच्या समारोपाला, सांगते काय, माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. प्रसंग अर्थातच सांगितला नाही, 'आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमच्या सतर्कतेमुळे' एवढंच. शाल घेऊ नये, एवढी अक्कल मला होती. पण घेतली. आयुष्यभर पेढे सर्जनला जाताना पाहिल्यावर एखादी शाल अंगावर आली तर माणूस ती झटकून टाकत नाही. वर मी भाषणही ठोकलं. म्हणाले, आपल्या भागातल्या बाईला बोलायची सवय नाही. डॉक्टर म्हणजे देव, देवाला कसं टोकायचं, असं तिला वाटतं. आपण तिला बोलतं केलं पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही ते भाषण फार आवडलं होतं. घरी येऊन नवऱ्याला पुन्हा म्हणून दाखवलं.

आठ-दहा दिवसांनी मी दुसऱ्या एका केससाठी तिथे गेले होते. ती बाई टाके काढायला आली होती. वॉकर घेऊन, हळूहळू, पण स्वतःच्या दोन पायांवर. सासूबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मला पाहिल्यावर ती हसली. मी तिच्याजवळ बाकावर बसले, गुडघा पाहिला, म्हशींची चौकशी केली. म्हशींना वेगळ्या राहणाऱ्या जावेनं सांभाळलं म्हणाली. मग माझं भाषण माझ्या तोंडात वळवळायला लागलं. समोर हक्काचा श्रोता होता ना!

"ताई, एक सांगू का? रागावू नका," मी म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही बोलायला पाहिजे होतं. पाय तुमचा. डॉक्टर असो नाहीतर आणखी कुणी असो, आपल्या अंगाचं आपण बोलायचं. असं गप्प राहून कसं चालेल?"

तिनं वॉकर जवळ ओढला. रागानं नाही. मला वाईट वाटू नये म्हणून कसं सांगावं, असा विचार करत होती बहुतेक.

"मॅडम, म्या बोलली की."

"कधी?"

"त्यो दादा उजव्या पायाला पट्टा बांदाय लागला तवाच. म्या म्हणली, 'आवं मॅडम, त्यो पाय न्हवं.' तुमी डोस्क्यापाशी बसून लिवत हुता. तुमी म्हणला, 'ताई, दोन मिनिटं गप्प पडा, मला एवढं भरू द्या.' मग पडली गप."

मला ते आठवेना. मी खूप प्रयत्न केला, खरंच आठवेना. पण वाक्य माझंच होतं, यात शंका नव्हती. दिवसातून दहा वेळा मी ते म्हणते, आणि दहाही वेळा कानाला ऐकू येत नाही. मी तिचा हात धरला आणि माफी मागितली. "असू द्या की मॅडम, तुमाला तरी किती बगायचं आसतंय," असं म्हणून ती माझीच समजूत काढायला लागली. मला इतकी लाज वाटली, की तिथून उठता येईना आणि बसताही येईना.

ती गेल्यावर मी रेकॉर्ड रूममधून तिची फाईल काढून घेतली. चेकलिस्ट वरच लावलेली होती. सिस्टरनं भरलेले रकाने सोडले आणि माझा पाहिला. माझं पेन, माझं अक्षर, खाली माझी सही, आणि वेळही लिहिलेली. चौथी ओळ होती, 'पेशंटला स्वतः विचारले, त्याचे म्हणणे ऐकून बाजूची (डावी/उजवी) खात्री केली.' त्या ओळीपुढे टिक होती.